चढताना चौदा दिवस, उतरताना किती?

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक भाग वाचा, अंक बाजूला ठेवा, वाचलेलं मनात घोळू द्या आणि मग पुढे जा. एका बैठकीत संपलं नाही तरी काही बिघडत नाही. यासाठी फक्त एक घर मनाशी धरायचं आहे आणि ते शेवटपर्यंत सोडायचं नाही.

घर कुठलं ते तुम्हीच ठरवा. सिंधुदुर्गात राहत असाल तर लांब जावं लागणार नाही. तुमच्याच वाडीतला नाहीतर शेजारच्या गावातला कुणीतरी मुलगा भरती झालेला असेल. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीत असेल, कुणी तोफखान्यात, कुणी नौदलाच्या जहाजावर. मुंबई-पुण्यात असाल तर शाळेतला एखादा सोबती आठवा. त्याचं नाव घेण्याची गरज नाही. त्याचं घर तेवढं डोळ्यांसमोर आणा.

घरात कोण कोण आहे?

चिऱ्याच्या पायऱ्या, सारवलेलं खळं, तुळशीवृंदावन. माजघराच्या भिंतीवर गणवेशातला फोटो. फोटोतल्या माणसाला सगळं गाव ओळखतं. त्याच्याकडे पाहून झालं की नजर खाली आणा आणि घरात आत्ता कोण कोण आहे ते एकेक करून बघा.

आई आहे. तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, ती कधी घेतली जाते, कधी राहून जाते. वडील आहेत. ते बातम्या बघतात आणि काश्मीरचं नाव आलं की आवाज कमी करतात, म्हणजे आत ऐकू जाऊ नये. बायको आहे. पाणी भरणं, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधं, बँकेतलं काम, कलमांची राखण हे सगळं तिच्याकडे आहे, आणि फोन सतत हाताच्या अंतरावर आहे. एक लहान मुलगी आहे. तिच्यासाठी बाबा म्हणजे बराच काळ एक पडदा होता, बोलणारा, अधूनमधून थिजणारा. आणि नवरा नौदलात असेल, जहाज दूर गेलं असेल किंवा तो पाणबुडीवर असेल, तर कित्येक दिवस तो पडदाही उजळत नाही.

आता स्वतःला विचारा, यांतले नोकरीत किती जण आहेत? पगाराच्या कागदावर नाव एकाचंच असतं. बदलीचा हुकूमही एकालाच येतो. पण तो हुकूम आला की झोप किती जणांची उडते?

घाईने उत्तर देऊ नका. त्या माणसांकडे थोडा वेळ बघत राहा.

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याच्या बांधकामाला सुरुवात केली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. तटाची उंची आणि पायात ओतलेलं शिसं यांच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. त्यांच्या पाण्यावर शिबंदी जगली, तिची बायकामुलं जगली, आणि काही कुटुंबं आजही किल्ल्यात नांदतात. पहाऱ्यावर उभा राहणारा माणूस तहानतो, आजारी पडतो, त्याला संसार असतो, हे तेव्हाच्या जाणत्यांनी ध्यानात घेतलं होतं.

आपल्या मननाचा विषय हाच आहे. सैनिकाच्या देहाबद्दल वैद्यकशास्त्र किती शिकलं, आणि त्याच्या घराबद्दल किती?

श्वास

आता आपल्या श्वासाकडे लक्ष द्या. तो बदलू नका, येतोय तसा येऊ द्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हवेची किंमत कळत नाही, कारण ती भरपूर असते. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. जन्मापासून समुद्रसपाटीवर वाढलेला मालवणचा मुलगा तिथे पोचतो तेव्हा त्याच्या प्रत्येक श्वासात प्राणवायूही तसाच निम्मा असतो.

१९६२ साली चीनबरोबरच्या युद्धात सखल मुलखातले जवान घाईघाईने उंचावर न्यावे लागले. अनेकांना धाप लागली, खोकला सुरू झाला, थुंकीत गुलाबी फेस येऊ लागला. वरवर पाहता हा न्यूमोनिया वाटे, पण खरं तर फुप्फुसांत पाणी भरत होतं. त्या वर्षांत इंदर सिंग हे लष्करी डॉक्टर आणि त्यांचे सहकारी रुग्णाशेजारी बसून नोंदी करत राहिले. कोण किती उंचीवर गेला, किती वेगाने गेला, त्रास कितव्या तासाला सुरू झाला, खाली आणल्यावर काय झालं. १९६५ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दुसरा आला, त्यात १,९२५ जवानांची निरीक्षणं होती. उंचीवरच्या आजारांचा अभ्यास करणारे जगभरचे डॉक्टर आजही त्या लेखाचा आधार घेतात.

अशा नोंदींतून आणि पुढच्या वर्षांच्या अनुभवातून एक शिस्त बसली. ती नीट पाहा, कारण पुढे आपल्याला तिची गरज लागणार आहे.

नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस विश्रांती, तळाच्या आवारात थोडं फिरायचं, चढायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. मग बारा ते पंधरा हजार फुटांवर चार दिवस, आणि त्याहून वर आणखी चार. एकूण चौदा. जवान कितीही धट्टाकट्टा असो, त्याला यातून सूट नाही.

यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. जवान रजेवर आला आणि चार आठवड्यांहून अधिक काळ सखल भागात राहिला, तर परतल्यावर ही सगळी उजळणी पहिल्या दिवसापासून करावी लागते. गणपतीला आला, पुढे भातकापणीपर्यंत राहिला, तेवढ्यात त्याचं शरीर डोंगर विसरलं. विसरणं हा शरीराचा धर्म आहे, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून त्याला दटावत नाहीत, दिवस देतात.

इथे थांबा. एक खोल श्वास घ्या. हे दिवस कुणाच्या दयेने मिळालेले नाहीत. कुणीतरी पाहिलं, मोजलं, लिहून ठेवलं, आणि लिहिलेल्याचा नियम झाला.

ताट

आता आणखी मागे जाऊ. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि सावंतवाडीचं संस्थान होतं. कोकणातल्या घराघरांतून माणसं मराठा पलटणींत जात होती. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या कूत गावी वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने.

शिधा घटत गेला तसा आजार आला, पण सगळ्यांना एकच आजार झाला नाही. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळत होता, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिक कोंड्यासकट दळलेला आटा खात होते, त्यांना बेरीबेरीने गाठलं नाही. पण ताज्या भाज्या नव्हत्या आणि घोड्याचं मांस खाणं त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांच्याही वाट्याला आटा आणि जव आले, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरू लागला. विमानातून भाजीचं बी टाकून वेढ्याच्या आत मळे लावण्याचेही प्रयत्न झाले. तिथले लष्करी डॉक्टर पॅट्रिक हेहिर यांनी हे सगळं नोंदवलं. जीवनसत्त्व या कल्पनेचा तेव्हा नुकता उदय होत होता, आणि अन्नातल्या एखाद्या घटकाच्या अभावाने आजार होतो, याचा मोठा पुरावा त्या उपाशी छावणीने दिला.

ज्या मुलखात आमसूल, आवळा, करवंदं, बिंबलं दारात पिकतात, तिथली माणसं आंबटाच्या अभावी हिरड्यांतून रक्त गाळत होती. आज आपण घरच्यांना कोंडा न काढता पीठ दळायला सांगतो, मुलाला आवळा खा म्हणतो. त्या साध्या सल्ल्यामागे ज्यांच्या देहांनी किंमत मोजली, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचं स्मरण करून क्षणभर थांबा.

आणि आता त्याच महिन्यांत कोकणातल्या त्यांच्या घरांकडे बघा. मनिऑर्डर थांबली आहे, पत्र थांबलं आहे. चुलीपाशी बसलेली बाई काय खात होती, तिला झोप लागत होती का, तिच्या अंगावर पिणाऱ्या मुलाचं काय झालं? वैद्यकीय अहवालांत शिध्याचा औंस न् औंस आहे, घर मात्र नाही. तो त्यांचा विषयच नव्हता. बसऱ्याच्या स्मारकावर तर साध्या हिंदी शिपायांची नावंही कोरलेली नाहीत, पलटणीचं नाव आणि किती जण गेले तो आकडा एवढंच आहे. जिथे शिपायाचं नाव आकड्यात विरून गेलं, तिथे त्याच्या बायकोची झोप कोण लिहून ठेवणार?

हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. शास्त्र आधी तिकडे बघतं, जिथे मरण उघड दिसतं. घराचं दुखणं हळू चालतं, म्हणून ते दिसायला वेळ लागतो.

दार उशिरा उघडलं

घराचं दार संशोधकांनी खऱ्या अर्थाने ठोठावलं ते अगदी अलीकडे. अमेरिकेत २००१ साली सैनिकांचा एक दीर्घ पल्ल्याचा अभ्यास सुरू झाला. तीच माणसं, दर काही वर्षांनी तेच प्रश्न, असा तो अनेक दशकं चालायचा आहे. सैनिकांच्या जोडीदारांसाठी त्याची स्वतंत्र शाखा निघाली ती मात्र २०११ मध्ये. दहा वर्षांनी.

२०१० च्या जानेवारीत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २,५०,६२६ सैनिकपत्नींच्या २००३ ते २००६ या काळातल्या वैद्यकीय नोंदी त्यात तपासल्या होत्या. नवरा युद्धभूमीवर गेलेल्या बायकांत नैराश्य, निद्रानाश, चिंता यांचं निदान अधिक आढळलं, आणि तो अकरा महिन्यांहून जास्त काळ दूर राहिला तर आणखी अधिक. त्याच वर्षी तीन ते आठ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास आला. आई किंवा वडील मोहिमेवर असताना मुलांच्या मन आणि वागणुकीच्या तक्रारींसाठी दवाखान्याच्या फेऱ्या ११ टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि दवाखान्याच्या एकूण फेऱ्या मात्र घटल्या होत्या. घर एकहाती चालवणाऱ्या आईला सर्दी-तापासाठी दवाखाना गाठणं जमत नसणार, असं मला वाटतं. ज्याला उशीर चालतो ते ती मागे टाकते. मूल रात्री दचकून उठायला लागलं की मात्र तिला निघावंच लागतं.

आणखी एका अभ्यासात २,७२४ कुटुंबांना तीन वर्षं, दर चार महिन्यांनी प्रश्न विचारले गेले, मोहिमेच्या आधी, मोहीम चालू असताना आणि परतल्यावर. त्यातून एक दिलासा मिळाला. बहुतेक घरं ताण सोसून पुन्हा पूर्वपदावर येतात. आणि एक इशाराही मिळाला. जिथे सैनिकाने मनावर ओरखडा पडेल असं काही भोगलेलं असतं, तिथे तो परतल्यावरही घराची घडी लवकर बसत नाही. दूर असण्यापेक्षा दूर असताना काय वाट्याला आलं, ते जास्त सलतं.

हे आकडे वाचल्यावर मनात काय उमटलं ते पाहा. आपल्याकडचंही असंच असणार, असं वाटलं का? तसं लगेच मानू नका. त्या बायका बहुधा लष्करी तळाच्या आसपास राहणाऱ्या, स्वतंत्र संसाराच्या. आपल्या डोळ्यांसमोरच्या घरात सासू आहे, दीर आहे, वाडी आहे, गावकार आहेत, देवीची जत्रा आहे. त्याचा आधार होतो आणि कधी त्याचंच ओझं होतं. नवरा जम्मूला, बायको मालवण तालुक्यात, जवळची लष्करी रुग्णालयं बेळगावला नाहीतर गोव्यात. हा संसार कुठल्याही परदेशी प्रश्नावलीत मावत नाही. त्यांच्याकडून पद्धत घ्यावी. उत्तरं आपल्याच दारात शोधावी लागतील.

प्रश्न कोण विचारतं?

एक प्रसंग कल्पनेने उभा करा. दुपारची वेळ आहे. पडवीत एक मुलगी बसली आहे, हातात नऊ प्रश्नांचा कागद. नैराश्याची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी ही प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? झोप? भूक? थकवा? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस.

समोर त्या घरातली सून. आत सासूबाई तांदूळ निवडतायत आणि कान इकडे आहे.

“झोप कशी लागते?”

“लागता बरी.”

“मन उदास वाटतं का?”

“नाय गो. माका काय झाला? ते थंय बर्फात असत, माका हंय काय झाला?”

कागदावर शून्य, शून्य, शून्य. निरोगी.

मग कागद मिटतो. चहा येतो. मुलगी सहज विचारते, रात्री फोन वाजला तर? सून थांबते. कपातल्या चहाकडे बघत म्हणते, “रातीचो फोन वाजलो काय हातपाय गळतत. मगे सकाळपर्यंत झोप येणा नाय. छातीत असा धडधडता काय सांगा. डॉक्टरान पट्टी काढली, काय नाय म्हणालो.”

दोन्ही उत्तरं पुन्हा मनात ऐका. पहिलं खोटं नाही. बर्फात उभ्या असलेल्या माणसापुढे आपलं दुखणं मांडायला तिला खरंच संकोच वाटतो. दुसरंही खरं आहे, पण ते यायला चहा लागला, कागद मिटावा लागला, आणि तिच्याच बोलीत ऐकणारं कुणी लागलं. शिवाय ते दुःख म्हणून आलं नाही, छातीची धडधड म्हणून आलं. हृदयाची पट्टी काढणाऱ्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. घरात फौजी कोण आहे आणि तो सध्या कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

म्हणून सैनिक-कुटुंबांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा तर प्रश्नावलीआधी ऐकणारी माणसं तयार करावी लागतील. गावातली आशाताई, उपकेंद्रातली परिचारिका, मालवणी बोलणारी वैद्यकीय विद्यार्थिनी. घरात एकटीशी बोलता येईल अशी वेळ निवडावी लागेल. आणि हे एकदा करून भागणार नाही. तो जाण्याआधी, गेल्यावर महिन्याने, सहा महिन्यांनी, आल्यावर आणि पुन्हा गेल्यावर विचारावं लागेल. अमेरिकेतल्या त्या कुटुंबांचं मर्म कळलं ते दर चार महिन्यांनी दार वाजवल्यामुळेच.

भीती

आता जरा अवघड ठिकाणी जाऊ. घाई नको.

भारतीय सैन्यात माणसाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते. मन, कान, हातपाय, एकंदर शारीरिक क्षमता आणि डोळे. पाचही ठीक असतील तर तो ‘शेप-वन’. श्रेणी खाली आली की नेमणूक, बढती, सगळ्यावर सावली पडू शकते, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असतं. घरालाही ठाऊक असतं. म्हणून तो रजेवर आल्यावर रात्री ओरडून उठला तर बायको खिडकी लावून घेते. मी बोलले आणि ते वरपर्यंत गेलं तर? त्यांच्या नोकरीला धक्का लागला तर? कर्ज आहे, घर अर्धं बांधून आहे.

ही भीती खुळी नाही. जो कुणी या घरात अभ्यासासाठी पाऊल टाकेल त्याने आधी तिचा मान राखायला हवा. सांगितलेलं कुणाच्या फायलीत जाणार नाही, नाव लिहिलं जाणार नाही, नको वाटलं तर मधेच थांबता येईल, आणि नकार दिला म्हणून कुठली सवलत अडणार नाही. हुकमाची सवय असलेल्या घरात ‘नाही’ म्हणण्याची मुभा दोनदा, तीनदा सांगावी लागते. असं वचन देता येत नसेल तर दार वाजवू नये.

तुमच्यापुरता एक प्रश्न. तुमच्या ओळखीच्या फौजी घरातली एखादी गोष्ट तुमच्या कानावर आली, तर ती तुमच्यापाशी राहते का, की संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचते? उत्तर मनातच द्या.

उतरण

आता त्या चौदा दिवसांकडे परत जाऊ.

रजा मंजूर झाली. बारा हजार फुटांवरून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत कुडाळ स्टेशनावर उतरतो. फुप्फुसांना काही त्रास नाही, हवा मुबलक आहे. घरी पोचतो. ओवाळलं जातं, माशांचं जेवण होतं, वाडी भेटायला येते.

दुसऱ्या दिवसापासून बारीकसारीक गोष्टी सुरू होतात. तो पहाटे साडेचारला उठतो आणि घर जागं होतं. तांदळाचा डबा कुठे ठेवला इथपासून पतपेढीचा हप्ता कधी भरला इथपर्यंत सगळं तिने ठरवलेलं आहे, आणि त्याला वाटतं, मला विचारलं का नाही? तिला वाटतं, विचारणार कुणाला होते? मुलगी आईला बिलगून झोपते, बाबांकडे जायला बिचकते. फटाक्यांचा बार झाला की त्याचा हात आपोआप आवळतो. आई म्हणते, “पयलो असो नव्हतो.” या घरात चूक कुणाचीच नाही. सगळेच उंची बदलून आले आहेत. तो तिकडची, आणि त्याच्याशिवाय घर चालवणारी ती इकडची.

आणि सेवानिवृत्तीचं तर याहून मोठं. जवान साधारण चाळिशीच्या आसपास कायमचा घरी येतो. २०२२ पासून आलेल्या अग्निपथ योजनेत अनेक मुलं चार वर्षांतच परततील. वर चढताना शरीराला चौदा दिवस देणारी व्यवस्था आपण उभी केली. खाली उतरून घरात शिरताना मनाला आणि घराला किती दिवस लागतात, हे आपल्या मुलखात नीट मोजायला हवं.

तोवर त्या शिस्तीचाच धडा घरापुरता गिरवून बघता येईल. मी पुढे जे म्हणतो ते कुठल्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही, मननातून सुचलेलं आहे.

पहिले दोन दिवस विश्रांती. पाहुण्यांची रांग नको, हिशेब नको, मुलाच्या गुणपत्रिकेची झडती नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवरची चाल. घर जसं चाललंय तसं त्याने बघायचं, बदलायचं काही नाही. मुलीला शाळेत सोडायला जायचं, वाटेत ती बोलेल तेवढंच ऐकायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. दोघांनी बसून एखादा अडलेला निर्णय बोलायचा. घर दुरुस्ती, जमिनीची वाटणी, आईचं ऑपरेशन या खऱ्या उंचीच्या गोष्टी आठवड्यानंतर. आणि रजा संपून तो गेला की पहिले काही दिवस घरानेही विश्रांतीचे मानायचे. तेव्हा शेजारणीने एक वेळचं जेवण पोचवलं तरी खूप झालं.

डोळे मिटा आणि ज्या घराला धरून इथवर आलात, त्या घरात हे दिवस कसे जातील ते बघा. कुणाला सर्वांत जड जाईल? कुणाला पहिल्यांदाच श्वास घ्यायला सवड मिळेल?

आपल्या हातात

मननातून कृती निघाली नाही तर ते अर्धं राहतं. म्हणून काही गोष्टी माहीत करून ठेवू.

माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड, पॉलिक्लिनिक, तिथून मिळणारी पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी, हा सगळा क्रम म्हाताऱ्या आईवडिलांना एकट्याने उमगत नाही. कुणीतरी सोबत जावं लागतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशाच कामांसाठी आहे. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. रात्रीच्या फोनने हातपाय गळणाऱ्या त्या सुनेला हा क्रमांक कुणीतरी शेजारी बसून लावून द्यायला हवा.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर आता आपल्या जिल्ह्यातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना गावोगाव सर्वेक्षणं करावी लागतातच. मधुमेह, रक्तदाब, कुपोषण यांच्या जोडीला ‘या घरात कुणी सैन्यात आहे का, आणि तो सध्या कुठे आहे?’ हा एक प्रश्न त्यांच्या कागदावर यावा. आजारी माणसाच्या केसपेपरवरही यावा. त्यातून पाच वर्षांत जे कळेल ते फक्त सिंधुदुर्गाच्या उपयोगाचं ठरणार नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथे जिथे गणवेशातले फोटो भिंतीवर आहेत तिथे ते लागू पडेल.

तुमच्यापुरतं काम लहान आहे. त्या घरी जा. मुलगा कसा आहे, हे सगळे विचारतात. तुम्ही त्याच्या बायकोला, आईला, मुलीला विचारा, तुम्ही कशा आहात? ‘बरी आसंय’ असं उत्तर आलं की उठू नका. बसा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा आणि पुन्हा विचारा.

डोंगरावरचे चौदा दिवस ठरले ते माणसं गमावल्यानंतर. घराचे दिवस ठरवायला आपण तेवढी वाट पाहायची नाही.